ओढीला आडवं

भोकपाडे हे त्याचं आडनाव नव्हे. पण कचेरीत सगळे त्याला भोकपाडेच म्हणत आणि नव्यानं आलेल्या माणसाला ते खरंच आडनाव वाटे. एकदा ओळखपत्रावरही तसंच छापून आलं. त्यानं ते बदलून घेतलं नाही, कारण बदलून घ्यायला तीन अर्ज करावे लागत आणि तिसऱ्या अर्जाला आपलं खरं आडनाव खरं असल्याचा दाखला जोडावा लागे.

काम म्हणाल तर चिपचा नकाशा काढण्याचं. नखाएवढ्या चिपमध्ये धातूच्या लाखो तारा कुठून कुठं न्यायच्या ते तो पडद्यावर आखत असे. त्यातल्या ज्या तारा फार रुंद, पट्टीसारख्या, त्यांना तो भोकं पाडत असे.

लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "चांगल्या पट्टीला भोकं कशाला पाडायची?"

त्यानं समजावून सांगितलं की कारखान्यात पट्टी घासून सपाट करतात, तेव्हा रुंद पट्टी मधोमध खोलगट होते, जिन्याची जुनी पायरी मधे झिजते तशी. शिवाय तापली की ती फुगते आणि वरचा काचेचा थर उचलते. म्हणून तिच्यात लांबट फटी ठेवायच्या. अंगाला जरा सैल बसते.

"म्हणजे काजं," सासरे म्हणाले. ते शिंपी होते.

"काजंच म्हणा. आम्ही स्लॉट म्हणतो."

"मग काजंच म्हणा की जावईबापू. जावई भोकं पाडतो असं मी चार लोकांत कसं सांगू?"

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सासरे आता त्याच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहत. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, ते खाली उतरले नव्हते. जिना सोळा पायऱ्यांचा, आणि खालून अकराव्या पायरीशी वळणारा. जिन्याच्या कडेनं रुळावरून वरखाली जाणारी एक खुर्ची निघणार होती. माणसानं नुसतं बसायचं आणि बटण दाबायचं. सासऱ्यांनी तिच्यासाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. "चाळीस वर्षं स्टुलावर बसून काढली," ते म्हणत, "आता खुर्ची मिळाल्याशिवाय मी खाली येत नाही." असं म्हणणारी माणसं एरवी खालच्या मजल्यावर असतात आणि त्यांना वर जायचं असतं. सासऱ्यांचं सगळंच उलट.

तर त्या खुर्चीची मोटर चालवणारी चिप भोकपाड्याच्या कंपनीनं करायला घेतली होती आणि तिचा नकाशा भोकपाड्याकडे होता. आज दुपारी चार वाजता तो नकाशा कारखान्याला पाठवायचा होता. कारखान्यात अशा वेळा आधी राखून ठेवाव्या लागतात. त्या राखीव वेळेलाही स्लॉटच म्हणतात. या धंद्यात एकूण शब्द कमी आणि तेच घासूनपुसून वापरतात. चारचा स्लॉट एकदा उलटला की नकाशात टिंबही बदलता येत नाही. मग काचेवर छाप निघतात, छापांवरून चिपा निघतात, चिपांवर खुर्च्या चालतात आणि खुर्च्यांवर लोकांचे सासरे.

भोकपाडे मंगळवारपासून अस्वस्थ होता.

कारण काहीच नव्हतं, आणि तेच वाईट होतं. कारण असतं तर त्याला धरून बसता आलं असतं. मंगळवारी मॅडमनी, म्हणजे त्याच्या वरिष्ठ बाईंनी, सांगितलं की मोटरजवळची पट्टी कमी पडतेय, रुंद करा. त्यानं केली. मग आपलं भोकयंत्र चालवलं. भोकयंत्र म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच तो एका दुपारी लिहिला होता. पट्टी दाखवली की तो नियमाप्रमाणे तिच्यात फटी पाडून देई. हातानं पाडायला दोन दिवस लागत, याला दोन मिनिटं. त्यानंतर तपासनीस आला. चुका शोधणारा प्रोग्राम चालवणं हे त्याचं काम, आणि 'शून्य चुका' असा कागद छापून टेबलावर ठेवणं हा त्याचा आनंद. त्याला सगळे शून्ये म्हणत. शून्येनं शून्याचा कागद ठेवला. भोकपाड्यानं सही केली. त्या सहीपासून त्याला एका जागी बसवत नव्हतं.

बाकीच्यांना शून्य आलं की बरं वाटतं. भोकपाड्याचं उलटं होतं. तीन चुका आल्या तर तो तीन चुका दुरुस्त करून शांतपणे जेवे. शून्य आलं की त्याला वाटे, मग गेल्या कुठं?

आज सकाळपासून तर त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्यानं गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं. गॅस बंद होता, म्हणून चहाही झालेला नव्हता. मग दात घासत घासत तो घरभर फिरू लागला. बाथरूम, पुढची खोली, जिना, परत बाथरूम.

"अहो, एका जागी उभं राहून घासा की," बायको शिलाई मशिनीवरून म्हणाली. "फेस सांडताय. दातांना काय पोचवायला निघालात?"

पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. वडिलांचाच धंदा तिनं पुढे नेला होता. तिची धाकटी बहीण, म्हणजे भोकपाड्याची मेहुणी, हाताखाली असे. ती कामाला चांगली आणि तोंडाला त्याहून चांगली.

"भाऊजींचं आज पाठवणीचं आहे ना," मेहुणी म्हणाली. "मुलीच्या बापासारखे फिरतायत बघ."

"फिरू दे. तू इकडे बघ. हा कोट का परत आलाय ते सांग मला."

कोट एका हॉटेलच्या दरवानाचा होता. दरवान चांगला ऐसपैस माणूस. त्याच्या कोटाला पोटावर एक पट्टी होती, दोन्ही पल्ले जोडणारी. पल्ल्यांमधलं अंतर दोन बोटं, आणि पट्टीची उंची मात्र चांगली वीतभर, कारण ज्याला आवरायचं ते पोटही तसंच होतं. काल गाडीचं दार उघडायला दरवान वाकला आणि पट्टीची तिन्ही बटणं सुटली. त्यातलं एक पाहुण्याच्या चष्म्यावर जाऊन बसलं.

"पोट सुटलं तर मी काय करू?" मेहुणी म्हणाली.

"पोट त्याचं सुटलं, पण बटण तुझं सुटलं. काजं कशी घातलीस ही?"

"नीट तर घातलीत. पट्टी ज्या बाजूनं लांब, त्या बाजूनं. नेहमी तसंच घालतो की."

"अगं, लांब कुठली आणि रुंद कुठली?"

मेहुणीनं पट्टीकडे पाहिलं. "ही लांब. वरून खाली."

"पण ओढ कुठून आहे? पोट पल्ल्यांना इकडून तिकडे ओढतंय आणि तू काज घातलंस वरून खाली! ओढीला आडवं! मग ते आ करणार नाही तर काय करणार?"

"टेप लावून बघ, लांबी हीच आहे."

"लांबीला काय जाळायचंय! अण्णांनी काय शिकवलं होतं?"

तेवढ्यात छतावर काठी आपटली. सासऱ्यांना पायांनी दगा दिला होता, पण कान अजून नोकरीत होते.

"ओढ!" वरून आवाज आला. "लांबी नका विचारू, ओढ विचारा! कोणी केलं ते काज?"

"धाकटीनं!" बायको ओरडली.

"तिला वर पाठव!"

मेहुणी काहीतरी म्हणणार होती, पण भाऊजींकडे पाहून थांबली. भोकपाडे खोलीच्या मधोमध उभा होता, ब्रश तोंडात तसाच. मंगळवारपासून पहिल्यांदाच तो हलत नव्हता.

"अहो," बायको म्हणाली, "काय झालं?"

"फांबी फांबी," तो म्हणाला.

"ब्रश काढा आधी."

त्यानं ब्रश काढला. "जी बाजू मोठी ती लांबी," तो म्हणाला. "मीच लिहिलंय. अकरा वर्षांपूर्वी."

त्याला त्या प्रोग्रामची ती ओळ जशीच्या तशी दिसली. पट्टीची मोठी बाजू म्हणजे लांबी, आणि फटी लांबीच्या दिशेनं पाडा. त्यात चूक काय? तार म्हटली की लांबच असते, आणि वीज लांबीनंच धावते. फटी विजेच्या दिशेनं असल्या की वीज त्यांच्या मधल्या गल्ल्यांतून सरळ निघून जाते. अकरा वर्षं हे बरोबर होतं. पण मंगळवारी मॅडम म्हणाल्या रुंद करा आणि त्यानं केली. मूळची पट्टी आखूड. रुंद करता करता ती लांबीपेक्षा रुंद झाली, दरवानाच्या पोटपट्टीसारखी. भोकयंत्रानं टेप लावला, मोठी बाजू पाहिली आणि त्या दिशेनं फटी पाडल्या. म्हणजे विजेच्या ओढीला आडव्या.

शून्येचा प्रोग्राम फटी आहेत का ते बघतो, किती रुंद आहेत ते बघतो, मधलं अंतर बघतो. वीज कुठून कुठं चाललीय ते त्याच्या खात्यात येत नाही. आणि विजेचा भार तपासणारा जो दुसरा प्रोग्राम होता तो फटी पाडायच्या आधीच चालवून झाला होता. कपडा आधी अंगाला लावून बघतात, काजं शेवटी करतात, तसंच.

आता काय होणार तेही त्याला दिसलं. खुर्ची चालणार. महिना चालणार, वर्ष चालणार. वीज त्या आडव्या फटींमधल्या चिंचोळ्या मानेतून रेटून जाणार, जाताना धातूचा कण कण सोबत नेणार. मान बारीक होत जाणार, आणि एके दिवशी तुटणार. कुणाचे तरी वडील तेव्हा जिन्यावर असणार. का कोण जाणे, त्याला ते अकराव्या पायरीवरच दिसले, वळणाशी. ना वर, ना खाली. हातात काठी, मांडीवर पेपर.

"किती वाजले?"

"साडेआठ."

त्यानं फोन उचलला, मॅडमना निरोप टाइप केला, 'स्लॉट आडवा गेलाय. थांबवा.' फोन शिलाई मशिनीवर ठेवला, एका पायात बूट आणि एका पायात घरातली चप्पल घातली आणि निघाला. मेहुणीनं दारातून दुसरा बूट फेकला. तो त्यानं रस्त्यात घातला. फोन मशिनीवरच राहिला.

बसमध्ये बसायला जागा होती, तरी तो उभा राहिला. उभं राहिल्यानं बस लवकर पोचेल असं त्याला वाटत असावं. दोन थांब्यांनंतर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काय दिसलं ते अजून आपण पाहिलेलंच नाही. नुसतं वाटतंय. कदाचित पट्टी तेवढी रुंद झालीही नसेल. मग त्याला वाटलं, तसं असलं तर फार बरं. मग वाटलं, तसं असलं तर आपण मॅडमना उगाच घाबरवलं. मग वाटलं, तसं नसलं तर? असं करत करत तो आपला थांबा सोडून पुढे गेला आणि तिथून पळत मागे आला.

कचेरीत जागेवर पोचून त्यानं नकाशा उघडला आणि मोटरजवळचा कोपरा मोठा करत नेला. पट्टी दिसली. तिच्यात सहा फटी, एकाखाली एक, एकदम सरळ, सारख्या अंतरावर. अगदी देखण्या आडव्या.

इतक्या नीटनेटक्या चुका त्यानं आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागणार होती, आणि त्यानंतर सगळे तपास पुन्हा चालवायला सात तास. घड्याळात नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. त्यानं हिशेब केला. वीस मिनिटं धरून पावणेपाच. त्यानं पुन्हा हिशेब केला. पावणेपाचच आले. तेवढ्यात शून्ये धावत आला.

"भोकपाडे! चल, मॅडम बोलावतायत. सगळे जमलेत."

"त्यांना निरोप मिळाला?"

"मिळाला म्हणजे? अरे, तू कमाल केलीस!"

भोकपाड्याला काही कळेना. चूक सापडल्यावर कमाल केली म्हणण्याची या कचेरीत पद्धत नव्हती. तो बैठकीच्या खोलीत शिरला तर दहाबारा माणसांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम टेबलाच्या टोकाशी उभ्या होत्या. एरवी त्या बसून बोलत, आणि हसल्या तर नोंद होई. आज त्या उभ्या होत्या आणि हसत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कसं ते आधी सांगा."

"काय?"

"आपला स्लॉट आडवा गेलाय ते!"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. सकाळी निरोप वाचला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या चारच्या वेळेला कुणीतरी आडवं गेलंय! त्यांनी भोकपाड्याला फोन लावला, तो एका बाईनं उचलला. मॅडमनी विचारलं, कोण आडवं गेलंय? ती बाई म्हणाली, माझी बहीण. मॅडमनी विचारलं, तिचा काय संबंध? ती म्हणाली, दरवानाचं पोट सुटलं, त्याला ती काय करणार. त्यावर मॅडमनी फोन ठेवला आणि थेट कारखान्याला लावला. तिथं वेळा वाटणारे गृहस्थ फार मृदू. मॅडमनी एकच वाक्य टाकलं, "आमचा स्लॉट आडवा कसा गेला ते मला सांगा."

पलीकडे आधी वहीची पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग मृदू आवाज आला, "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

कारण गृहस्थांनी चारची वेळ खरोखरच दोघांना दिली होती. दुसरी कंपनी मोठी होती, आणि यांना दुपारी साडेतीनला 'यंत्र बंद पडलंय' असं सांगून महिनाभर पुढे ढकलायचं ठरलं होतं. पकडले गेल्यावर गृहस्थ इतके विरघळले की त्यांनी उद्या दुपारी बाराची वेळ दिली, लेखी दिली, आणि माफीही लेखी दिली.

"महिना गेला असता," मॅडम म्हणाल्या. "फक्त यांच्या कानामुळे वाचला. कारखान्यात यांचं कोण आहे ते मी विचारणार नाही." त्यांनी एक पाकीट उचललं. "तसंही आज संध्याकाळी सांगणारच होते. नकाशा विभागाला प्रमुख नाही गेले आठ महिने..."

पुन्हा टाळ्या. शून्ये तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.

भोकपाडे त्या पाकिटाकडे बघत राहिला. डोक्यात घड्याळ चालूच होतं. उद्या बारापर्यंत वेळ मिळाला. वीस मिनिटं दुरुस्ती, सात तास तपास. कुणाला काही सांगायचं कारणच उरलं नव्हतं. सहा आडव्या फटी उभ्या करायच्या आणि जेवायला जायचं. चूक होती हे फक्त त्याला ठाऊक आणि दरवानाला, आणि दरवानाला ती दुसरीच ठाऊक. त्यानं पाकिटासाठी हात पुढे केला. मग तो हात खिशात गेला. खिशातून बाहेर आला, कानामागे गेला. हातालाही बसवत नव्हतं.

कारण भोकयंत्र. ते त्यानं एकट्यानं वापरलं नव्हतं. अकरा वर्षांत त्या दोन मिनिटांच्या सोयीवर तेवीस चिपा बाहेर पडल्या होत्या. आणखी तीन विभाग ते वापरत होते, आत्ता, या टाळ्या चालू असताना. यांत कुठं एखादी आखूड आणि रुंद पट्टी असेल तर?

"मॅडम," तो म्हणाला, "तो स्लॉट नाही."

"कुठला?"

"जो आडवा गेला तो. म्हणजे वेळेचा नाही. पट्टीतला."

खोलीत हसू पसरलं, मग ते मधेच कुठंतरी अडकलं.

"पट्टीतला म्हणजे?"

"मोटरजवळच्या. मंगळवारी रुंद केली ना, ती आता लांबीपेक्षा रुंद आहे. माझ्या प्रोग्रामनं मोठ्या बाजूला लांबी समजून फटी पाडल्या. विजेला आडव्या. चालेल वर्षभर, मग जिन्यात थांबेल. मी तेवढंच कळवलं होतं. कारखान्यात माझं कोणी नाही. मला त्यांचा नंबरही माहीत नाही."

"पण चुका शून्य आल्या होत्या!" शून्ये म्हणाला. हात अजून डोक्यावर होते, ते त्यानं हळूच खाली घेतले.

"आल्या होत्या. मी सही केली. तुझं काही चुकलं नाही. तू लांबी-रुंदी तपासलीस, ओढ कुणी तपासलीच नाही."

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला, त्यावर एक चौकट काढली, पोटपट्टीसारखीच, आखूड आणि रुंद. मग तिच्यात एक बाण काढला. बाणाला आडव्या चारपाच रेघा मारल्या.

"रुंद करा असं मी म्हणाले," त्या म्हणाल्या.

"रुंद करणं बरोबरच होतं."

"हे तुम्हाला आज सकाळी कसं दिसलं?"

"दरवानाचं पोट सुटलं," भोकपाडे म्हणाला. याहून नीट सांगायला त्याला जमलं नाही.

मॅडमनी मान हलवली, जणू आता सगळा मेळ बसला. "म्हणजे कारखान्याच्या त्या माणसानं माफी उगाच मागितली?"

"नाही, त्यानंही वेळ खरंच आडवी घातली होती."

"म्हणजे दोन्ही स्लॉट आडवे."

"दोन्ही."

"आणि आपल्याला दोन्ही एकाच निरोपात कळले." त्यांनी पाकीट परत फायलीत ठेवलं. फाडलं नाही, हे शून्येनं नंतर सगळ्यांना आवर्जून सांगितलं. "आधी ही पट्टी. मग तुमचं ते भोकयंत्र बंद. तिन्ही विभागांना मी कळवते, काय लिहू ते सांगा. आणि तेवीसच्या तेवीस नकाशे आज उघडायचे. पाकिटाचं नंतर बघू."

बदलाच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. भोकपाड्यानं तिथं लिहिलं, 'ओढ बघितली नव्हती.' मॅडमनी ते खोडून 'फटींची दिशा दुरुस्त केली' असं लिहिलं. अर्ज वाचणाऱ्याला पहिलं कळलं नसतं आणि दुसऱ्यानं काही कळणार नव्हतं. अर्जाला दुसरंच चालतं.

पट्टी वीस मिनिटांत झाली. सहा फटी वळून विजेच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. तपास लावून दिला. मग त्यानं आणि शून्येनं जुने नकाशे उघडायला सुरुवात केली. जेवण राहिलं. एकेक रुंद पट्टी, लांबी किती, रुंदी किती, वीज कुठून कुठं. अकरा वर्षांपूर्वीचे आपलेच नकाशे बघणं म्हणजे आपल्याच जुन्या पत्रांचं वाचन. किती आत्मविश्वासानं लिहिलेलं असतं! साडेपाच वाजेपर्यंत तेवीस संपले. आखूड आणि रुंद अशी पट्टी एकही निघाली नाही. आजच्या चिपचे तपासही आले होते. शून्य.

"झालं," शून्ये म्हणाला. "आता तरी बस."

भोकपाडे बसला. मग उठला. "मी निघतो," तो म्हणाला, आणि थांब्यावर न जाता चालतच घरी आला.

दार उघडंच होतं. बायको आणि मेहुणी जिन्याच्या पायथ्याशी वर बघत उभ्या होत्या.

"आलात? बरं झालं," बायको म्हणाली. "आता हे बघा."

सासरे जिन्यावर बसले होते. अकराव्या पायरीवर, वळणाशी. हातात काठी, मांडीवर दरवानाचा कोट.

"धाकटी काही वर येईना," ते म्हणाले. "म्हटलं, काज आपणच जाऊन बघावं. बसत बसत आलो. पाच पायऱ्या आलो! इथं वळण आलं आणि गुडघा म्हणाला, पुढे तुझं तू बघ."

"मग कोट मीच दिला वर नेऊन," मेहुणी म्हणाली. "दोन तास झाले. उतरत नाहीत आणि चढतही नाहीत. काज मात्र उसवून नव्यानं घातलं."

भोकपाडे वर जाऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. सकाळी डोळ्यांसमोर आलेलं सगळं तसंच समोर होतं, फक्त खुर्ची नव्हती. मांडीवर पेपरच्या जागी कोट, एवढाच फरक.

"खुर्ची एक दिवस उशिरा येईल, अण्णा," तो म्हणाला. "काज ओढीला आडवं गेलं होतं. तुमच्यामुळे सापडलं."

"माझ्यामुळे नाही, पोटामुळे. नीट केलंत?"

"केलं. जुनीही बघितली, तेवीस. सगळ्या सरळ पट्ट्या तपासल्या."

"सरळ म्हणजे?"

"म्हणजे सरळ जाणाऱ्या."

सासऱ्यांनी कोटाची घडी केली. "आणि वळणावर?"

"वळणावर काय?"

"तुमची पट्टी कुठं वळतबिळत असेल की नाही? इकडून आली आणि तिकडे खाली गेली. तिथं ओढ कुठून म्हणायची? तिथं काज कसं घातलंय तुम्ही?"

भोकपाड्यानं बोटानं पायरीवर एक वळण काढलं. वळणाचा तुकडा चौकोनी असतो. लांबी तेवढीच रुंदी. मोठी बाजू कुठली ते टेपला सांगता येणार नाही, आणि भोकयंत्राला चौकोनाचं काय करायचं हे त्यानं सांगितलेलंच नव्हतं. त्यानं आपल्या मनानं काहीतरी केलं असणार. एका बाजूनं बरोबर असेल ते दुसऱ्या बाजूनं आडवं असेल. आणि आजच्या चिपलाही वळण होतं. एक नाही, दोन.

"तुम्ही काय करायचात?" त्यानं विचारलं. "वळणावर?"

"वळणावर काज घालतो का कोणी? एक अलीकडे, एक पलीकडे. वळण मोकळं ठेवायचं. फारच रुंद असेल तर कापड आधी चार पट्ट्यांत वाटून घ्यायचं आणि चौघी जणी वळवायच्या. साधी गोष्ट आहे. अहो, कुठं निघालात?"

भोकपाडे चार पायऱ्या खाली पोचलाही होता. "माझा फोन कुठंय?"

"मशिनीवरच आहे," बायको म्हणाली. "अहो, पण अण्णा..."

"उद्या बारापर्यंत वेळ आहे. शून्ये नुकताच घरी पोचला असेल. तेवीस चिपांची वळणं..."

"जावईबापू!" वरून काठी आपटली. "वळणं नंतर बघा! आधी वळणावर कोण बसलंय ते बघा!"

भोकपाडे दारापर्यंत गेला, तिथून परत जिन्यापाशी आला, दोन पायऱ्या चढला, परत उतरला. फोन लागला होता.

"शून्ये," तो म्हणाला, "बूट काढले असशील तर घाल."